कट म्हटल्यावर पाचपर्यंत

चष्मेवाल्याने मुलांना सिनेमा शिकवायचा आणि मी त्याच्यासाठी कॅमेऱ्याची तिपाई धरायची, असं ठरलं तेव्हाच मी ‘जमणार नाही’ म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मला नाही म्हणता येत नाही. म्हणजे वीज कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसून मी दिवसभर लोकांना नाहीच म्हणत असतो, पण ते पगारी. घरात तेवढं जमत नाही.

चष्मेवाला म्हणजे माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे वयाने, मानाने आणि आवाजाने माझ्यापेक्षा मोठा. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना नीट दिसत नाही, या एका गोष्टीवर ते छान चालतं. मध्यंतरी त्याने ‘चष्मा कसा पुसावा’ यावर मोबाइलवर एक व्हिडिओ काढला आणि तो इतक्या लोकांनी पाहिला की विचारू नका. चष्मा पुसता न येणारी एवढी माणसं आपल्या आसपास वावरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या सख्ख्या सासूबाईंनी तो मला पुन्हा पुन्हा पाठवला. मला चष्मा नाही.

आता हे सांगताना माझ्या पोटात दुखतंय असं कुणाला वाटेल. दुखतंयच. उगाच खोटं कशाला बोलू? या घराण्यातलं एकूण एक कार्य मी टिपलेलं आहे. मोबाइल नव्हते तेव्हापासून खांद्यावर जड कॅमेरा घेऊन मी लोकांच्या पंगतीतून फिरलोय आणि स्वतः शेवटच्या पंगतीला थंड जेवलोय. साडूच्या दुकानाचं उद्घाटनही मीच घेतलं होतं. त्यात सगळे पाहुणे काळेकुट्ट दिसतात आणि कोण कोण ते पोटाच्या आकारावरून ओळखावं लागतं, हे खरं आहे. पण त्याला मी काय करू? दुकानाला पुढून सगळी काच आणि काचेमागे ऊन. पाहुण्यांना दुसऱ्या बाजूला उभं करा म्हणून मी ओरडत होतो, पण तिकडे पेढ्यांचं टेबल नव्हतं.

तर झालं असं, की लेकीच्या शाळेत आठवीच्या मुलांना व्हिडिओ काढायला शिकवायचं ठरलं. आधी एका शनिवारी प्राथमिक धडे, मग प्रत्येक गटाने ‘घरातलं एक काम’ या विषयावर छोटीशी फिल्म करायची आणि ती सगळ्या पालकांसमोर दाखवायची. वर्गाच्या बाईंनी विचारलं, कुणाच्या घरी यातलं जाणकार कुणी आहे का? आणि माझ्या पोटच्या पोरीने हात वर करून सांगितलं, “माझे काका.”

ही बातमी तिने मला जेवताना दिली. माझा घास हातातच राहिला. माझी लेक म्हणजे तीच, जिचं पहिलं पाऊल मी टिपलंय. पावलंच दिसतात, ती दिसत नाही, पण पाऊल टिपायचं ठरलं होतं तर पाऊलच टिपणार ना माणूस? पूर्वी ती दिवसातून शंभरदा ‘बाबा, हे कसं करायचं?’ म्हणत यायची. आठवीत गेल्यापासून मला फक्त ‘बाबा, वायफाय बंद पडलंय’ एवढंच सांगण्यात येतं. मी बायकोला म्हटलं, हिला माझं नाव नाही आठवलं? बायको म्हणाली, तुमच्या व्हिडिओत माणसं ओळखू येत नाहीत म्हणून नसेल सांगितलं, आणि मला आणखी वाढायला लागली. आमच्या घरात अपमान नेहमी जेवण वाढता वाढता होतो, त्यामुळे उठूनही जाता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी साडूचा फोन. “अरे, तुझी ती जुनी तिपाई आहे ना? शनिवारी घेऊन ये शाळेत. आणि तूही ये.”

तूही ये! तिपाईला पहिलं आमंत्रण आणि मला तिच्याबरोबर. मी बघतो म्हणालो. फोन ठेवल्यावर माळ्यावर चढलो आणि तिपाई काढून पुसायला बसलो. तिचा एक पाय जरा ढिला आहे. कॅमेरा ठेवला की तो पाय हळूहळू आत सरकतो आणि चित्र एका बाजूला झुकत जातं, पण इतक्या सावकाश की बघणाऱ्याला आपलीच मान वाकडी झाली असं वाटतं. त्याला मी पुठ्ठ्याची घडी लावतो. माझ्याकडच्या प्रत्येक वस्तूचा असा एक स्वभाव आहे आणि तो मलाच सांभाळता येतो.

शनिवारी शाळेच्या फाटकावर तिपाई अडवली. पहारेकरी म्हणाला, सामान आत न्यायचं तर कार्यालयातून नोंद आणा. कार्यालयातल्या कारकुनाने तिपाई खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि सांगितलं, याला पाय आहेत, म्हणजे हे फर्निचर. फर्निचरची आवक भांडारप्रमुख बघतात आणि ते रजेवर आहेत. मी म्हटलं, अहो, हे कॅमेऱ्याचं साधन आहे. तो म्हणाला, मग कॅमेरा कुठे आहे? कॅमेरा साडूच्या खिशात, आणि साडू तर केव्हाच आत गेलेला, कारण त्याला न्यायला स्वतः बाई फाटकापर्यंत आल्या होत्या. मी जरा आवाज चढवला तेव्हा कारकून अगदी गोड हसला. “तक्रार असेल तर लेखी द्या. बघू.”

हे वाक्य मी आयुष्यात हजारो लोकांना म्हटलेलं आहे. ते ऐकायला कसं लागतं हे मला पहिल्यांदाच कळलं. आणि हसलो तर मीही अगदी तसाच हसत असणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

शेवटी खेळाच्या मास्तरांना माझी दया आली. त्यांच्या खात्यात आवकीची नोंद तेच करतात. त्यांनी तिपाई ‘उंच उडीचा खांब, एक’ अशी लिहून घेतली आणि मी आत गेलो. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

वर्गात पोचलो तर साडूचा धडा रंगात आला होता. नवा शर्ट, केस मागे वळवलेले, पोट आत. पोट आत ओढून साडू किती वेळ बोलू शकतो हा अभ्यासाचा विषय आहे. त्याने मुलांना पहिलाच प्रश्न टाकला होता, की व्हिडिओ काढण्याआधी सगळ्यात पहिलं काम कोणतं? कुणी म्हणालं बटण दाबायचं, कुणी म्हणालं केस विंचरायचे. साडूने खिशातून ते मऊ पिवळं फडकं काढलं, जादूगारासारखं हवेत झटकलं आणि म्हणाला, “मुलांनो, आधी भिंग पुसा.” मग त्याने एका मुलाच्या मोबाइलमधून न पुसता एक आणि पुसून एक असं चित्र काढून दाखवलं. पहिल्यात धुकं, दुसऱ्यात लख्ख. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी लेक पहिल्या बाकावर बसून अशा डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, जशी ती पूर्वी मी दिव्याचा फ्यूज बदलताना माझ्याकडे बघायची.

आणि जळफळाटाची गोष्ट अशी, की ते बरोबर होतं. इतकी वर्षं व्हिडिओ काढतोय, भिंग पुसायचं मला कधी सुचलं नाही. सगळी लग्नं मी धुक्यात काढली.

मग साडू पुढे म्हणाला, मोबाइल आडवा धरा, उजेड आपल्या पाठीमागे ठेवा, लांबचं मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. एकेका वाक्याला मुलं हसत होती. हसण्यासारखं त्यात काय होतं मला कळेना. शेवटच्या बाकावर मी तिपाई मांडीवर घेऊन बसलो होतो, कारण ती उभी करायची वेळच आली नाही. उजेडाचा मुद्दा निघाला तेव्हा साडूने हसत हसत सांगितलं, “नाहीतर काय होतं? माझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा एक व्हिडिओ आहे.” आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्या वर्गाने मागे वळून बघितलं.

तेव्हा मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उभा राहिलो. बाईंनी विचारलं, आपल्याला काही सांगायचंय का? मी हो म्हणालो. सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. पण तीसेक मुलं आपल्याकडे टक लावून बघायला लागली की माणसाला जे आठवायचं तेच आठवत नाही. मला एकच गोष्ट आठवली, आणि तीही घसा खाकरत सांगितली. म्हटलं, बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. आणि ‘कट’ म्हटल्यावर लगेच बंद करू नका. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा आणि मग बंद करा. कुणी बोलत असेल तर त्याचं बोलणं संपू द्या, मग मोजा. म्हणजे मागाहून तुकडे जोडताना शेपूट शिल्लक राहते, वाक्य अर्ध्यात तुटत नाही.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं, “पण त्या पाचपर्यंत काय होतं?”

“काही होत नाही,” मी म्हणालो.

“मग ते कशाला घ्यायचं?”

वर्ग हसला. साडूने मोठ्या मनाने माझी बाजू घेतली, म्हणाला, जुन्या माणसांची एक पद्धत असते. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. लेक खिडकीबाहेर बघत होती. माझं बोलणं एकाही पोराने ऐकलेलं नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मी खाली बसलो आणि तिपाई पुन्हा मांडीवर घेतली.

परत निघताना पहारेकऱ्याने पुन्हा अडवलं. उंच उडीचा खांब शाळेबाहेर नेता येत नाही. खेळाचे मास्तर तोवर घरी गेले होते. कारकून म्हणाला, खेळाचं साहित्य शाळेच्या मालकीचं असतं, तुमचं आहे हे दाखवणारं काही असेल तर लेखी द्या, बघू. अशा रीतीने माझी तिपाई जप्त झाली आणि साडूने मला त्याच्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत त्याने मला शिकवण्याची कला या विषयावर बरंच काही सांगितलं. मी खिडकीची काच वरखाली करत बसलो.

आता खरी कथा. लेकीच्या गटाने फिल्मसाठी काम निवडलं, ‘पडद्याचा दांडा बसवणे’. आमच्या बाहेरच्या खोलीतला दांडा बरेच दिवस एका टोकाने लोंबत होता. बायको म्हणाली, चला, निदान शाळेच्या निमित्ताने तरी. दांडा मी बसवायचा, मुलींनी ते टिपायचं आणि मार्गदर्शनाला येणार काका. मी लेकीला सहज म्हटलं, मार्गदर्शन मीही करू शकतो की. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दांडा बसवणार ना? मग?” म्हणजे मला नट केलं. ज्याने घराण्याची सगळी कार्यं टिपली त्याला स्टुलावर चढवून कॅमेऱ्यासमोर उभा केला, आणि कॅमेऱ्यामागे चष्मेवाला! त्या दिवशी मी चहासुद्धा नीट प्यायलो नाही.

रविवारी सकाळी साडू आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या मागून लेकीच्या गटातल्या त्या दोन वेण्या आल्या. ती मोबाइल धरणार होती. तिपाई शाळेच्या कैदेत, म्हणून मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांच्या चळतीला टेकवला. साडूने भिंग पुसलं. मग सांगितलं, आधी तज्ज्ञांची मुलाखत घेऊ. तज्ज्ञ म्हणजे तो. दांडा माझा, भिंत माझी, पडदा माझ्या बायकोच्या माहेरचा, आणि तज्ज्ञ हा. स्वतःच ‘ॲक्शन’ म्हणायचा, बोलायचा आणि स्वतःच ‘कट’ म्हणायचा. पहिल्यांदा केस उडाले म्हणून, दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली म्हणून, असं करत त्याने तेच बोलणं पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. ‘कट’ म्हटलं की त्याचं पोट सुटायचं. तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं.

माझी पाळी आली. मी स्टुलावर चढलो, ड्रिल हातात घेतलं. ॲक्शन. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते दारात हजर. ड्रिलचा आवाज व्हायच्या आधीच त्यांना तो कसा ऐकू येतो हे मला कधी उमगलेलं नाही. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि भिंत पोकळ असल्याचं जाहीर केलं. मग म्हणाले, बोटभर डावीकडे घ्या. साडू म्हणाला, डावीकडे उजेड कमी पडेल, उजवीकडे घ्या. समोरच्या काकू स्वतःची शिडी घेऊन आल्या आणि त्याच शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या, म्हणाल्या, दांडा वर घ्या, आमचा तसाच आहे. भिंत माझी होती, पण तिच्याबद्दल मत नसलेला त्या खोलीत मी एकटाच होतो.

मी अभियंत्यांच्या सांगण्यावरून डावीकडे भोक पाडलं. भिंत पोकळ नव्हती, पण गिलाव्याला तेवढीच संधी हवी होती. ताटाएवढा पोपडा सुटला आणि माझ्या डोक्यावरून खाली आला. साडू ओरडला, कट, कट! मी तिथेच उभा राहून सगळ्यांचा उद्धार केला. अभियंत्यांचा मनातल्या मनात, साडूचा उघड. म्हटलं, भिंगं पुसून पोट भरणाऱ्यांनी भिंतीत डोकं घालू नये. साडू तेव्हा आत चहाला गेला होता, म्हणून एवढं धाडस. दोन वेण्या मोबाइलजवळ उभी राहून ओठ हलवत होती. पोरीला बहुधा मनात काहीतरी पाठ करायची सवय असावी. मी म्हटलं, बाळ, तुला धूळ लागली का डोळ्यात? आणि माझा रुमाल तिला दिला.

दुसरं भोक उजवीकडे पडलं आणि नको तेवढं मोठं पडलं. भोकात बसवायची प्लास्टिकची नळी आत गेली ती कायमची. मग तिसरं. तिसरं बरोबर पडलं, पण तोवर दांड्याची दोन टोकं दोन उंचींवर आली होती. अभियंते पातळी मोजायची पाणसळ आणायला वर गेले आणि आले तेव्हा आमच्या खोलीची जमीनच उतरती असल्याचं सिद्ध करून बसले. काकू म्हणाल्या, पडदा लावल्यावर कळणार नाही. बायकोने पडदा अडकवला. पडदा सगळा घसरून एका टोकाला गोळा झाला आणि सगळ्यांना कळलं. साडू म्हणाला, कट. छान, फार नैसर्गिक.

मग लेकीसकट सगळे खाण्यापिण्यासाठी आत गेले. मी स्टुलावरच होतो. खोलीत मी आणि मोबाइल बघत बसलेली दोन वेण्या. माझं डोकं फिरलं होतं. मी पोट आत ओढलं, केस मागे वळवले, डस्टर हवेत झटकलं आणि हुबेहूब साडूच्या आवाजात म्हणालो, “मुलांनो, आधी भिंग पुसा!” पोरगी खुदकन हसली. मला इतकं बरं वाटलं की मी ते पुन्हा केलं, या वेळी साडूच्या चालीसकट. स्टुलावर चालता येत नाही हे लक्षात यायच्या आत मी खाली होतो.

लागलं फारसं नाही. पोरगी पाणी घेऊन धावली. मी जमिनीवर, पोपड्याच्या ढिगात बसून पाणी प्यायलो आणि का कोण जाणे, तिलाच विचारलं, “तिने मला का गं नाही सांगितलं? मलाही येतं ना हे सगळं.” ती जागेवर जाऊन उभी राहिली आणि पुन्हा तिचे ओठ हलायला लागले.

दांडा दुसऱ्या दिवशी सुताराने बसवला. ते कुणी टिपलं नाही.

फिल्म दाखवायच्या दिवशी साडू सहकुटुंब, सासूबाईंना घेऊन, पहिल्या रांगेत. तो नवा चष्मा घालून आला होता. त्याला चष्म्याची गरज नाही, नुसत्या काचा. मला मुद्दाम शेजारी बसवून म्हणाला, “माझी मुलाखत कुठे घातलीय बघू. सुरुवातीला घ्यायला सांगितलीय मी.” माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. आता एवढ्या लोकांसमोर पडदाभर साडू बोलणार, टाळ्या पडणार, आणि मी कुठेतरी कोपऱ्यात ड्रिल घेऊन पाठमोरा. इतर गटांच्या फिल्मा झाल्या. कुणी अंथरूण घातलं, कुणी सायकल पुसली. सगळी चित्रं आडवी, लख्ख, भिंग पुसलेली. साडू प्रत्येक फिल्मला मान डोलवत होता.

मग आमची. पडद्यावर नाव आलं, ‘कट म्हटल्यावर’. साडूचा आवाज आला, “कट!” आणि मी दिसलो. डोक्यावर गिलावा, तोंडाने साडूचा उद्धार.

मला वाटलं, काहीतरी चुकून लागलंय. पण पुन्हा “कट!” आणि पुन्हा मी. ॲक्शन म्हटल्यावरचं काहीच नव्हतं. भोक पाडताना नाही, भोक पडून गेल्यावर. दांडा बसवताना नाही, तो घसरल्यावर. प्रत्येक वेळी सगळे बाजूला व्हायचे आणि मागे मी एकटा उरायचो, कपाळ पुसत, भिंतीशी बोलत, भिंगं पुसून पोट भरणाऱ्यांबद्दल बोलत, मग पोरीला रुमाल देत. सभागृह खदखदून हसत होतं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टी वाजवली. मी खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेलो की समोर फक्त माझे गुडघे दिसत होते. तरी आवाज यायचाच. “मुलांनो, आधी भिंग पुसा!” सगळं सभागृह कोसळलं. मी शेजारी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

आणि मग गुडघ्यांच्या फटीतून दिसला ढिगात बसलेला मी, हातात पाण्याचा पेला. “तिने मला का गं नाही सांगितलं? मलाही येतं ना हे सगळं.” यावर कुणी हसलं नाही. चित्र तसंच राहिलं, मी पेल्यात बघत बसलेला, थोडा वेळ, मग संपलं. किती वेळ ते मला मोजायची गरज नव्हती.

दिवे लागले. बाईंनी लेकीला व्यासपीठावर बोलावून विचारलं, कट म्हटल्यानंतरचंच का घेतलं?

“बाबांनी शिकवलं होतं,” ती म्हणाली. “कट म्हटल्यावर पाचपर्यंत मोजायचं. बोलणं चालू असेल तर संपू द्यायचं. जोडायला बसलो तेव्हा बघितलं, सगळ्यात छान त्याच्यातच होतं.”

“मग शिकवायला बाबांनाच का नाही बोलावलंस?”

तिने समोर मला शोधलं, पण मी गुडघ्यांमागे होतो.

“बाबांना बोलवावं लागत नाही,” ती म्हणाली. “ते येतातच.”

यावर सभागृह जे हसलं त्याला तोड नाही. बायको हसली, सासूबाई हसल्या, तो कारकूनसुद्धा दारात उभा राहून हसत होता. मीही हसलो असतो, पण नेमका तेव्हाच मला खोकला आला. गिलाव्याची धूळ बरेच दिवस राहते आत. बक्षीस सायकल पुसणाऱ्यांना मिळालं.

बाहेर पडल्यावर लेक माझ्या शेजारून चालत होती. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, आवाज खाली-वर होतोय मधे मधे. तो सारखा कसा करायचा?” मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, सोपं आहे, घरी गेलं की दाखवतो. मग बराच वेळ त्याचीच चिंता करत चाललो.

पुढच्या रविवारी साडूचा फोन आला. मला वाटलं, आता खरडपट्टी. पण तो एवढंच म्हणाला, दुकानात ये, नवा व्हिडिओ घ्यायचाय, तूच घे. तिपाई अजून शाळेत आहे. आंतरशालेय स्पर्धेत तिच्यावरून दोन मुलांनी उडी मारली असं खेळाच्या मास्तरांनी मला अभिमानाने सांगितलं. म्हणून हातातच मोबाइल धरला. साडूला काचेकडे तोंड करून उभं केलं, उजेड माझ्या पाठीशी घेतला आणि, आता सांगायला हरकत नाही, भिंग पुसलं. त्याने पोट आत घेतलं आणि चष्म्याची दांडी कशी सांभाळावी यावर छान बोलला. एकदाही अडखळला नाही. मग कट म्हणाला.

त्याचं पोट सुटलं. तो काउंटरमागच्या स्टुलावर बसला, पिवळं फडकं हातात घेऊन उगाच घड्या घालत राहिला. भिंगवाल्या वाक्याबद्दल काहीतरी म्हणेल म्हणून मी मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव करत होतो.

“एवढी मुलाखत दिली मी,” तो म्हणाला. “चार वेळा दिली. पोरीने मला कुठेच नाही का रे घेतलं? एकदा माझं मनगट दिसलं. घड्याळावरून ओळखलं मी.”

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. याच्या पोटात दुखावं आणि ते माझ्यामुळे दुखावं. आता समोर दुखत होतं, लख्ख उजेडात, पुसलेल्या भिंगातून स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्याची काही मजाच येईना. मला सांगायचं होतं की ‘कट’ म्हणणारा तो आवाज सगळ्या फिल्मभर त्याचाच होता. पण तो अजून बोलत होता. एकदा तरी नीट दिसलो असतो, म्हणत होता, सासूबाईंना सांगून ठेवलं होतं.

त्याचं बोलणं संपू दिलं. मग मनात मोजायला लागलो. पाच झाले, तरी बटण दाबलं नाही.